मधल्या बाईचा आवाज

शकुनबाईचा आवाज गेला ही बातमी बपेऱ्यात ज्या सकाळी पसरली, त्याच सकाळी शकुनबाई अंगणात उभी राहून शेजारच्या शेळीला शिव्या घालत होती, आणि त्या शिव्या तलावाच्या पाळीवर दात घासत बसलेल्या माणसांनाही शब्द न् शब्द ऐकू येत होत्या. पण मोबाईलमधून एकदा काही कळलं की स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवायचा नाही, असा आता सगळ्याच गावांचा रिवाज झाला आहे. बपेरा तरी त्याला कसा सुटणार.

झालं होतं ते असं. भंडाऱ्याच्या एका संस्थेनं लोकगीतांचा महोत्सव ठरवला होता. ज्या गटाला भाग घ्यायचा त्यानं आपलं एक गाणं रेकॉर्ड करून पाठवायचं आणि ते पसंत पडलं तर मंचावर बोलावणं, अशी रीत. बपेऱ्याच्या बायकांनी रोवणीचं गाणं पाठवलं. रोवणीत बायका बांधीत, म्हणजे पाणी भरलेल्या वाफ्यात, एका ओळीत वाकून, मागं मागं सरकत धानाची रोपं, पऱ्हे, लावत जातात, आणि ओळीच्या मधोमध असलेली बाई गाण्याची ओळ टाकते. दोन्ही बाजूंच्या बायका ती झेलतात. ही मधली जागा कुणालाही मिळत नाही. आवाज दोन्ही टोकांना सारखा पोचला पाहिजे आणि कंबर मोडायला आली तरी तुटता कामा नये. चाळीस वर्षं ती जागा शकुनबाईची होती.

रेकॉर्डिंग रीनानं केलं. रीना म्हणजे शकुनबाईच्या पुतण्याची, भुपेंद्रची बायको. तुमसरच्या बसस्टँडजवळ तिचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. बाई सोल्डरिंग करते हे बघायला सुरुवातीला लोक बिनकामाचे येत. मग बिघडलेले फोन घेऊन येऊ लागले आणि पुढं पुढं तर रीनाच्या हातचं काम पुन्हा उघडावं लागत नाही असं एकमेकांना सांगू लागले. हे बोलणं तिच्या कानावर आलं होतं आणि ते तिनं मनात जपून ठेवलं होतं.

गाण्यासाठी तिनं सगळी हुशारी पणाला लावली. लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून रेकॉर्डर मागून आणला, दोन माईक आणले, त्यांच्या वायरी स्वतः जोडल्या. शकुनबाईला मध्ये बसवलं. डावीकडं पाच बायका आणि टिकारामची ढोलकी, उजवीकडं पाच बायका आणि टाळ. दोन्ही बाजूंना एकेक माईक. मधल्या बाईचा आवाज दोन्हीकडं सारखा पोचला पाहिजे, म्हणून तिनं रोवणीची गाठी मारलेली दोरीच घेतली आणि शकुनबाईच्या तोंडापासून मोजून चार गाठी इकडं, चार गाठी तिकडं असे माईक ठेवले. एवढं मोजूनमापून तर तिनं स्वतःच्या लग्नाचं ब्लाउजही शिवून घेतलं नव्हतं.

सोमवारी सकाळी उत्तर आलं. ते बचत गटाच्या सचिव मंदाबाईच्या मोबाईलवर आलं आणि दुपारपर्यंत गावाचं झालं. ‘गट उत्तम. मागे धरणाऱ्या महिला, ढोलकी व टाळ छान. मात्र मुख्य गायिकेचा आवाज लागत नाही, वयोमानामुळे असावे. मुख्य गायिका बदलून शनिवारपर्यंत नवीन ध्वनिमुद्रण पाठवावे.’

संध्याकाळी सगळ्या बायका समाजमंदिराच्या पायऱ्यांवर जमल्या. मंदाबाईनं आपला गोल स्पीकर आणला होता, लोट्याएवढा, पण आवाजाला दणकट. तिनं गाणं लावलं. ढोलकी वाजली, टाळ वाजले, दोन्ही बाजूंच्या बायकांनी ओळ झेलली. पण जी ओळ झेलली ती टाकणारी कुठंच नव्हती. शकुनबाईच्या ओळीच्या जागी विहिरीच्या तळाशी कुणी पुटपुटावं तसं काहीतरी यायचं आणि विरून जायचं. मंदाबाईनं आवाज वाढवला तर ढोलकी तेवढी वाढली.

शकुनबाई खालच्या पायरीवर बसून ऐकत होती. गाणं संपल्यावर तिनं स्पीकरकडं बोट केलं.

“हा माहा आवाज हाये?” तिनं विचारलं.

बायकांनी माना खाली घातल्या.

“बुढ्या मानसाले सोताचं समजत नाही. दुसऱ्याईनं सांगा लागते,” ती म्हणाली आणि पदर झटकून उठली. “मंदे, आता तू म्हन. मधात तू बसजो.”

ती घराकडं निघाली तशी रीना पुढं झाली. “मी त्या दिवशी हेडफोन लावून आयकली. मोठीमायचा आवाज होता. भरून होता.”

“मंग गेला कुठं?” मंदाबाई म्हणाली. “माहा स्पीकर खाऊन गेला का?”

दोघीतिघी हसल्या. मंदाबाई मात्र हसली नाही, कारण तिच्या मनात वाकडं नव्हतं. “पाय रीना, मले मधात जायाची हौस नाही. पन शनिवार तोंडावर आला. गटाचं नाव जाईन.”

“शुक्रवारपर्यंत मले टाइम दे.”

“अन नाही सापडलं त?”

“त तू म्हन,” रीना म्हणाली.

मंगळवारी सकाळी दुकानाचं शटर उघडल्या उघडल्या तिनं एक वही काढली. पहिला संशय तिला पाठवण्यावर होता. मोबाईलवरून मोबाईलवर जाताना फाईल दबते, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं रेकॉर्डरच्या कार्डातली मूळ फाईल काढली आणि तीच आपल्या जुन्या फोनवर वाजवली. शकुनबाई नाही. मग संशय प्लेअरवर गेला. एकाच फोनमध्ये तिनं तीन वेगवेगळे प्लेअर टाकले. एकानं ढोलकी अशी घुमवली की टिकाराम डबा बडवतो आहे असं वाटावं. दुसऱ्यानं टाळ कानात टोचतील इतके धारदार केले. तिसरा म्हणे आवाज आपोआप सुधारून देतो. त्यानं बायकांची खोकण्याची जागासुद्धा साफ ऐकवली. तिन्ही प्लेअर तीन तऱ्हेचे, पण शकुनबाई तिन्हींत नव्हती.

“ठीक हाये,” रीना स्वतःशीच म्हणाली आणि दुकानात जे जे वाजू शकत होतं ते ते तिनं वाजवायला घेतलं.

बटणांचा फोन: नाही. राईस मिलच्या हमालाचा दुरुस्तीला आलेला फोन: नाही. दुकानातला लॅपटॉप लावला आणि ती खुर्चीतून अर्धी उठली. आवाज आला, थोडा पातळ, पण शकुनबाईचाच. वहीत तिनं ‘येतो’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. बाजूच्या हॉटेलातल्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावला: येतो. त्याच हॉटेलातला भजनाचा डबा: नाही. सिहोऱ्याच्या काळीपिवळी जीपच्या ड्रायव्हरला विनवून त्याच्या गाडीत वाजवलं, तर आवाज असा भरून आला की ड्रायव्हरनं मान वळवून विचारलं, “हे बाई कोन हाये जी?”

“माही मोठीमाय,” रीना म्हणाली, आणि तिला त्या ड्रायव्हरचे पाय धरावेसे वाटले.

बुधवारी संध्याकाळपर्यंत वहीची दोन पानं भरली. येतो, नाही, नाही, येतो. फाईल तीच, गाणं तेच, आणि एका यंत्रात माणूस आहे, दुसऱ्यात नाही. गिऱ्हाइकं खोळंबली होती, दोन तर रागावून दुसऱ्या दुकानात गेली. घरी भुपेंद्रनं जेवता जेवता ती वही चाळली.

“सीधी बात हाये. महागाच्या मशीनवर येते, सस्त्यावर नाही.”

“मंदाबाईचा स्पीकर हॉटेलातल्या त्या टीव्हीपेक्षा कितीतरी भारी हाये. त्याच्यावर काहून नाही येत?”

“मले काय मालूम. पन तू कायले एवढं डोकं खपवून राहिली? मंदाबाईबी चांगली म्हनते.”

रीनानं ताट बाजूला सारलं. “मंदाबाई चांगलीच म्हनते. पन मोठीमायकडं पायलं का तुमी? सोमवारपासून ते शेळी रोज येते अन वालाचा वेल खाऊन जाते. हे बसून पाहत रायते. हाकलत नाही, बोलत नाही. सांगा लागलं त इशारा करते.”

भुपेंद्रनं पाहिलं नव्हतं. वही त्यानं नीट मिटून तिच्या हातात दिली.

गुरुवारी दुपारी एक मास्तर इअरफोन घेऊन आले. एकच बाजू वाजते, दुसरी मेली आहे, अशी त्यांची तक्रार. रीनानं तो कानात घातला आणि तपासायला म्हणून हाताशी होतं ते गाणं लावलं. डाव्या कानात शकुनबाई खणखणीत म्हणत होती.

“डावी बाजू चालू हाये जी,” ती मास्तरांना म्हणाली आणि एकदम थांबली. डावी बाजू. म्हणजे डाव्या माईकमध्ये आवाज आहे. तिनं घाईनं आपला इअरफोन काढला आणि फक्त उजवी बाजू कानात घातली. तिथंही शकुनबाई, तितकीच खणखणीत. एका कानात आहे, दुसऱ्या कानात आहे, मग दोन्ही एकत्र आल्यावर जाते कुठं?

तिनं वही उघडली. ‘येतो’ लिहिलेल्या प्रत्येक यंत्राला दोन भोंगे होते. ‘नाही’ लिहिलेल्या प्रत्येकाला एकच. एका भोंग्याचं यंत्र दोन्ही बाजू एकत्र करून वाजवतं. मास्तर समोर उभेच होते, त्यांना बसायला सांगायचंही तिला सुचलं नाही. बंडीचे दोन बैल सारख्याच ताकदीचे असले आणि एक पुढं, दुसरा मागं ओढायला लागला, तर बंडी जागची हलत नाही. इथं तसंच होत होतं. एका माईकचा आवाज सुलटा येत होता आणि दुसऱ्याचा उलटा. बाजूच्या बायका, ढोलकी आणि टाळ आपापल्या माईकजवळ होते, म्हणून एकाच बाजूला जास्त उमटले आणि वाचले. मध्ये, मोजून चार चार गाठींवर, दोन्हींत अगदी सारखी उमटलेली एकच बाई होती, आणि तीच सगळ्या गाण्यातून पुसली गेली होती.

माईक उलटा कधी होतो हे रीनाला सांगायला कुणी नको होतं. तिनं पिशवीतून दोन्ही वायरी काढल्या आणि टोकांचे स्क्रू खोलले. पहिल्या वायरीत लाल आणि पांढरी तार, दोन्ही टोकांना जागच्या जागी. दुसऱ्या वायरीला तिनं वेगळ्या गुंडाळीचा तुकडा वापरला होता, त्यात निळी आणि पिवळी तार होती. एका टोकाला निळी दोन नंबरच्या पिनेला होती. दुसऱ्या टोकाला तीन नंबरला. सोल्डर सुरेख होता, गोल आणि चकचकीत, दाखवण्यासारखा. फक्त चुकीच्या जागी होता.

तीन दिवस ती जगातल्या सगळ्या यंत्रांवर संशय घेत फिरली होती आणि चूक तिच्या हातची निघाली होती. तिला इतकी लाज वाटली की कान तापले. आपली चूक आपल्याला एकट्यालाच कळली की माणसाला जो पहिला विचार सुचतो तो तिलाही सुचला. लॅपटॉपवर एक बाजू उलटी करून घेतली की फाईल दुरुस्त. गुपचूप पाठवून द्यायची, आणि विचारलं कुणी तर काहीतरी टेक्निकल झालं होतं म्हणायचं. गावात कुणाला दोन नंबर आणि तीन नंबर कळणार आहेत?

तिनं फाईल दुरुस्त केली. वहीतल्या ‘नाही’वाल्या सगळ्या यंत्रांवर पुन्हा वाजवली आणि प्रत्येकासमोर ‘येतो’ लिहिलं. पण पाठवली नाही. शटर ओढलं आणि स्कूटी बपेऱ्याकडं काढली.

शकुनबाई ओसरीवर सुपात तांदूळ निवडत होती. ऊन अजून अंगणात होतं. रीना तिच्यासमोर खाली बसली आणि आधी जे सांगायचं ते सांगून टाकलं. “मोठीमाय, तुमचा गळा नाही गेला. माहा हात चुकला. वायर मी उलटी जोडली होती.”

शकुनबाईनं सूप थांबवलं. रीनानं मुद्दाम आणलेला बटणांचा फोन काढला, दुकानातला सगळ्यात गरीब, आणि त्यावर गाणं लावलं. ‘बांधीत आभाळ सांडलं, बाई, पाय जपून टाक.’ आवाज त्या एवढ्याशा भोंग्यातून बाहेर येऊन ओसरीवर उभा राहिला. शकुनबाईनं शेवटपर्यंत ऐकलं. तिचा चेहरा जराही हलला नाही.

“हे तू कम्प्युटरनं घातली,” ती हळूच म्हणाली. सोमवारपासून ती अशीच बोलत होती, घरात कुणी झोपलं असावं तशी.

“नाही जी. तुमचाच हाये. फक्त उलटा होता तो सुलटा केला.”

“मले बी तसंच वाटते, मंग मंदीले काय वाटन? गाव म्हनन, सुनेनं मशीनमंदी आवाज भरला. बुढीले खुश केलं.”

याचा रीनानं विचार केला नव्हता. पण शकुनबाईचं बरोबर होतं. ज्या यंत्रानं तिचा आवाज पळवला, त्याच यंत्रानं तो परत आणून दिला तर त्यावर कोण विश्वास ठेवणार, आणि ज्या बाईला स्वतःच्याच आवाजाचा भरवसा उरला नाही तिनं तरी का ठेवावा.

“मंग हे पाठवतच नाही,” रीना म्हणाली. “उद्या सगळ्याईसमोर म्हना. नव्यानं. मी वायर सुधारतो, तिथंच रेकॉर्ड करतो, अन मंदाबाईच्याच स्पीकरवर वाजवतो. मधात कम्प्युटर नाही, काही नाही.”

“अन नाही निघाला त?”

हे तिनं विचारलं तेव्हा तिच्या डोळ्यांत भीती होती, आणि रीनाला ती बघवली नाही. आयुष्यभर ज्या बाईनं कुणाच्या बापाला भीक घातली नाही, तिला चार दिवसांत आपल्या एका चुकीनं एवढं बारीक करून टाकलं होतं.

“निघन,” ती म्हणाली. “अन चूक कोनाची होती थे बी मीच सांगतो. सगळ्याईसमोर.”

“तुह्या दुकानाचं काय होईन?”

“होईन ते होईन. तुमी या फक्त.”

शुक्रवारी दुपारी समाजमंदिरात सगळे जमले. रीनानं वायर हातात घेऊन उभ्या उभ्या सांगितलं. निळी कुठं हवी होती, कुठं लागली, आणि त्यामुळं कुणाचा आवाज गेला. मग टिकाराम ढोलकी कसता कसता म्हणाला, “माहा मोबाईल बी तूच सुधारला ना वो? घरी जाऊन पाहा लागते.” सगळे हसले. रीनाही हसली, पण ते तिला लागलं आणि पुढं किती दिवस लागत राहील हेही तिला कळलं. मग तिनं खाली बसून सगळ्यांच्या देखत वायरीचं टोक सुधारलं, दोरी काढली आणि पुन्हा चार गाठी इकडं, चार गाठी तिकडं मोजल्या. शेजारणीनं म्हटलं की या खेपेला थोडं कमीजास्त ठेव, कशाला धोका. रीनानं ऐकलं नाही. चूक मोजण्यात नव्हती.

शकुनबाई मध्ये येऊन बसली. ढोलकी सुरू झाली. तिनं ओळ टाकली, पण अशी दबकत, अशी अंग चोरून की रेकॉर्डरचा काटा जेमतेम हलला. रीनाचा हात बटणाकडं गेला. ती रेकॉर्डर थांबवणार, एवढ्यात उजव्या टोकावरून मंदाबाई म्हणाली, “माय, इकडं टोकाले काहीच आयकू येऊन नाही राहिलं. आमी झेलाव काय?”

शकुनबाईनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. चाळीस वर्षांत टोकाच्या बाईनं अशी तक्रार तिच्याकडं कधी केली नव्हती.

“पुन्हा धर रे ढोलकी,” ती टिकारामला म्हणाली. तिनं पाठ सरळ केली, पदर खोचला आणि ओळ टाकली. समाजमंदिराच्या पत्र्यावर बसलेली कबुतरं उडाली. रीनाच्या हेडफोनात तो आवाज इतका भरून आला की तिनं एक कान मोकळा केला.

गाणं संपलं. रेकॉर्डरमधलं कार्ड काढून तिनं तसंच मंदाबाईच्या गोल स्पीकरात घातलं आणि तो पायरीवर ठेवला. ढोलकी वाजली, आणि मग एका भोंग्याच्या त्या लोट्याएवढ्या डब्यातून शकुनबाईची ओळ बाहेर पडली, ‘बांधीत आभाळ सांडलं, बाई,’ आणि ती पुरी व्हायच्या आत दोन्ही बाजूंच्या बायकांनी सवयीनं झेलली. रेकॉर्डमधल्या बायका झेलत होत्या आणि समोरच्या बायकाही. सगळ्यांत आधी मंदाबाईनं. गाणारी गप्प बसली होती आणि गाणं चाललं होतं.

शकुनबाईनं स्वतःचा आवाज, स्वतःचा मानून, असा बाहेरून कधी ऐकलाच नव्हता. ओळ टाकली की ती लोकांची व्हायची, ती तिकडं टोकाला कशी पोचते हे तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं. ती ऐकत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पुसलंही नाही.

“टोकाले असं आयकू येत होतं?” गाणं संपल्यावर तिनं विचारलं. या खेपेला तिचा आवाज तलावाच्या पाळीपर्यंत गेला असावा.

“असंच येते, माय,” मंदाबाई म्हणाली. “म्हनून त हात चालते.”

शकुनबाईनं आता कुठं डोळे पुसले आणि रीनाकडं वळली. “पाठव हे. अन त्याईनं लिहिलं होतं तसं साफ शब्दात लिहून पाठव. नवीन रेकॉर्डिंग हाये, वायर सुधारली हाये, गायिका बदलली नाही.”

रीनानं तिथंच पायरीवर बसून शेवटचे तीन शब्द जसेच्या तसे टाईप केले आणि त्यांच्यापुढं शकुनबाईचं पूर्ण नाव लिहिलं.